फुलसावंगीचें आइस्क्रीम

वैशाखांत वऱ्हाडांत जाऊं नये, असें आमच्या पुण्याकडील मंडळींचें ठाम मत आहे. आणि तें अगदींच निराधार आहे असें माझ्यानें म्हणवत नाहीं. परंतु ज्याच्या बहिणीचें घर तिकडे आहे त्यास ऋतु निवडून जाण्याची मुभा कोठून असणार? मुलांच्या शाळांस सुट्टी लागते ती उन्हाळ्यांत, आणि ताईचें बोलावणें येतें तेंहि उन्हाळ्यांतच. तेव्हां गेल्या वैशाखांत माझ्या दोन नातवंडांस घेऊन मी फुलसावंगीस गेलों व पंधरा दिवस राहून आलों. त्या पंधरा दिवसांत माहूरचें दर्शन झालें, पैनगंगेचें आटलेलें पात्र पाहिलें, आणि उरलेला बहुतेक वेळ आम्हीं पांच जणांनीं आइस्क्रीम करण्यांत घालविला. पांच म्हणजे चार मुलें व पांचवा मी. माहूरविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मी आइस्क्रीमविषयींच लिहिणार आहें.

सावंगी या नांवाचीं गांवें विदर्भांत इतकीं आहेत कीं प्रत्येकीस कांहींतरी खूण लावल्यावांचून भागत नाहीं. ही आमची फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील महागांव तालुक्यांतली. नागपुराहून यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड असा नांदेडकडे जाणारा जो मोठा रस्ता आहे, तो सोडून आंत यावें लागतें. पलीकडे पैनगंगा, आणि नदी ओलांडली कीं नांदेड जिल्हा व माहूरचा डोंगर. जमीन काळी, पीक मुख्यत्वें कापसाचें. अजून नांगर न फिरलेल्या शेतांतील भेगा या दिवसांत इतक्या रुंदावतात कीं त्यांत लहान मुलाचा हात सहज जातो. गांवाच्या नांवांत फुलें आहेत खरीं, पण तीं वैशाखांत शोधावयाचीं कोठें? पळस तर फाल्गुनांतच फुलून गेलेला असतो. बाजारांत कानांवर पडणारी भाषा एक नाहीं. वऱ्हाडी मराठी, तांड्यावरून आलेल्यांची बंजारी आणि दखनी वळणाची उर्दू अशा तिघी तेथें नांदतात, आणि सौद्याचा आवाज चढूं लागला कीं तिन्ही एकमेकींत मिसळून जातात.

सकाळीं अकरा वाजले कीं मात्र सारें चिडीचूप होतें. आम्ही गेलों त्या आठवड्यांत पारा ४४ अंशांवर होता. पुण्याच्या माणसास हें ऊन प्रथम भिववितें, आणि मग त्याचा एक गुण कळतो. येथील हवा कोरडी असल्यामुळें घाम अंगावर राहत नाहीं, आणि त्याच कारणानें माठांतलें पाणी असें गार होतें कीं कोंकणांतल्या माणसास तें खरें वाटूं नये. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें. हवा जितकी कोरडी तितकें तें लवकर उडतें. परंतु माठ पाणी गार करतो, गोठवीत नाहीं. आणि मुलांस हवें होतें तें गोठलेलें.

तें कोणासाठीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. ताईच्या सासूबाई, ज्यांस सारें घर माई म्हणतें, यांचें वय ८६. कार्तिकांत त्यांना ताप आला होता. ताप गेला, पण जातांना त्यांची अन्नावरची वासना घेऊन गेला. आधीं भाकरी सुटली, मग भात सुटला. आम्ही गेलों तेव्हां दोन वेळां वाटीभर पेज, तीहि ताई समोर बसून आग्रह करी तेव्हां. डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, जें रुचेल तें द्या, मऊ द्या, गार द्या. मधुमेह नाहीं, तेव्हां गोडास हरकत नाहीं. पण रुचेल तें कोणतें, हाच तर प्रश्न होता. माझी नात नऊ वर्षांची. तिनें पहिल्याच संध्याकाळीं माईंच्या खाटेशीं बसून विचारलें, "माईआजी, तुम्हांला आइस्क्रीम आवडतें का?"

माई म्हणाल्या, "कोणास ठाऊक, बाई. केलें पुष्कळ. खाल्लें नाहीं."

हें बोलणें आम्हां कोणालाच कळलें नाहीं. ताईलाहि नाहीं, आणि ती त्या घरांत चाळीस वर्षें आहे. मग हळूहळू हकीकत बाहेर आली. माई १९५७ सालीं लग्न होऊन या घरांत आल्या. त्यांचे सासरे हौशी गृहस्थ; त्यांनीं नागपुराहून आइस्क्रीमचा पॉट आणला होता. कोणी अधिकारी मुक्कामास आले, व्याही आले, मुंज निघाली, कीं यवतमाळहून मोटारीनें कोंड्यांत गुंडाळलेला बर्फ येई. नव्या सुनेनें सकाळपासून दूध आटवावयाचें, साखर-वेलदोडा घालून निववावयाचें, आणि दुपारीं मागल्या पडवींत बसून पॉटाचा दांडा फिरवावयाचा. आधीं पाहुण्यांची पंगत, मग घरच्या पुरुषांची. बायकांचीं पानें मांडलीं जाईपर्यंत त्याचें पुन्हां दूध झालेलें असे, आणि तें मुलांत वांटलें जाई. पुढें सासरे वारले, पॉट माळ्यावर गेला. आणि बाहेरचें कांहीं खावयाचें नाहीं हा माईंचा नेम असल्यामुळें दुकानचें आइस्क्रीम त्यांच्या तोंडीं कधीं लागलेंच नाहीं. त्यांच्या सांगण्यांत तक्रार नव्हती. वाणसामानाचा हिशेब सांगावा, तसें त्यांनीं तें सांगितलें.

मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें. तो विषय त्यांच्यापुरता तेथेंच ठरला.

त्यांचा पहिला विचार सरळ होता. नेम बाहेरच्या पदार्थांचा. दुकानचें चालत नाहीं, तर घरच्या फ्रिजमध्यें करावें. तत्पूर्वी, शत्रूचें बळ पाहावें या न्यायानें, त्यांनीं दुकानांतून दोन कप आणून खाल्ले, आणि ताईच्या नातवानें, जो अकरा वर्षांचा असून चौघांचा म्होरक्या होता, त्यांवरील बारीक अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविलीं. एकावर 'आइस्क्रीम' होतें. दुसऱ्यावर तो शब्दच नव्हता, 'फ्रोझन डेझर्ट' असें होतें. हा भेद पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतो म्हणून सांगतों. आपल्याकडील अन्नविषयक नियमांप्रमाणें नुसतें 'आइस्क्रीम' म्हणून जें विकावयाचें त्यांत निदान १० टक्के स्निग्धांश दुधाचा असावा लागतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजीं वनस्पतीचें तेल घातलें तर त्यास आइस्क्रीम म्हणतां येत नाहीं. तें विषारी असतें असें नव्हे. पण आपण काय खातों हें वाचून खावें.

फ्रिजचा प्रयोग दोन दिवसांत निकालांत निघाला. पहिल्या रात्रीं वीज तीन वेळां गेली. दुसऱ्या रात्रीं राहिली, आणि सकाळीं डब्यांतून जें निघालें त्यावर चमचा वांकला. असें कां होतें, याचें कारण सोपें आहे. दूध हालचालीवांचून सावकाश गोठूं दिलें कीं त्यांतील पाण्याचे खडे वाढत वाढत सुयांएवढे होतात. आइस्क्रीमचा मऊपणा दोन गोष्टींवर असतो: हे खडे जिभेस कळूं नयेत इतके बारीक राहिले पाहिजेत, आणि घुसळतांना आंत हवा शिरली पाहिजे. कारखान्यांत तर हवा भरून मिश्रणाचें आकारमान जवळजवळ दुप्पट करतां येतें. म्हणजे पुष्कळदां आपण अर्धा कप आइस्क्रीम आणि अर्धा कप हवा विकत घेतों.

तेव्हां पॉट माळ्यावरून उतरविण्यांत आला. उतरविला म्हणण्यापेक्षां उत्खनन केलें म्हणणें बरें. सागवानी फळ्यांची बादली, तिला दोन लोखंडी पट्टे, आंत पत्र्याचा उंच डबा, डब्यांत लांकडी पातें, आणि वर दांतेरी चाकें व फिरवावयाचा दांडा. बादलीच्या फळ्या सुकून एकमेकींपासून सुटल्या होत्या, एक पट्टा तुटला होता, आणि पत्र्याचा डबा हातीं घेतांच त्याचा तळ गंजाच्या भुकटीसह जमिनीवर राहिला. माझा आठ वर्षांचा नातू रडवेला झाला. पण डब्याची काळजी नव्हती. ताईच्या स्वयंपाकघरांत घट्ट झांकणाचा, वर कडी असलेला स्टीलचा उभा डबा होता, तो त्या बादलींत नीट बसला. दांडा आणि चाकें बाजूस ठेवावयाचीं, आणि डबा कडीस धरून हातानेंच अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे असा फिरवावयाचा. मधून मधून झांकण काढून कडांस धरलेलें लांकडी उलथण्यानें खरवडून मध्यें ओढावयाचें. यंत्र येण्यापूर्वीं जगांत सगळीकडे आइस्क्रीम असेंच होत असे. यंत्राचें पेटंट १८४३ सालीं अमेरिकेंत नॅन्सी जॉन्सन नांवाच्या बाईनें घेतलें. ताईच्या माळ्यावरचा पॉट त्याचाच दूरचा वंशज.

तुटलेला पट्टा घेऊन आम्ही बाजारांतल्या एका वेल्डिंगच्या दुकानांत गेलों. दुकानदारानें पट्टा जोडून दिला, पैसे घेतले नाहींत, आणि मुलांनीं काय चालविलें आहे तें मोठ्या आस्थेनें विचारून घेतलें. परत येतांना ताईच्या नातवानें मला हळूच जुनी गोष्ट सांगितली. याच गांवांतील एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणानें, शिक्षण आठवीपर्यंतचेंच असतां, स्वतःच्या हातांनीं एका माणसापुरतें हेलिकॉप्टर बनविलें होतें. आणि २०२१ च्या ऑगस्टांत त्याची चांचणी घेतांना पातें तुटून डोक्यास लागल्यानें तो वारला. देशभर वर्तमानपत्रांत ती बातमी आली होती. मुलगा ही गोष्ट सांगत असतां त्याच्या आवाजांत भीति नव्हती. गांवांतल्या कोणा थोर माणसाविषयीं बोलावें तसा तो बोलत होता. मीं त्यावर कांहींच म्हटलें नाहीं. हातानें कांहीं करून पाहणाऱ्या मुलास सावध करावें कीं शाबासकी द्यावी, हें शाळेंत तीस वर्षें विज्ञान शिकवूनहि मला नेमकें उमगलेलें नाहीं.

बादली दोन दिवस पाण्यानें भरून ठेविली. सुकलेलें लांकूड पाणी पिऊन फुगतें व फळ्या आपोआप मिटतात. डिंक, मेण कांहीं लावावें लागत नाहीं. पहिल्या दिवशीं ती चाळणीसारखी गळत होती, दुसऱ्या दिवशीं थेंबहि पडेना. मात्र एका फळीला वरच्या अंगास बोटभर रुंद भोंक होतें. "आजोबा, हें भोक काहून आहे?" असें ताईच्या नातवानें विचारलें. मीं म्हटलें, गांठ निघून पडली असेल. त्यानें कणकेचा गोळा त्यांत ठासून बसविला, आणि मीं त्याच्या नीटनेटकेपणाची वाखाणणी केली. हें लक्षांत ठेवावें.

बर्फ महामार्गावरच्या गांवाहून आला; ताईचा पुतण्या मोटारसायकलवर लादी पोत्यांत गुंडाळून घेऊन आला. पोतें उघडलें तों बर्फ निळसर! धाकटी, म्हणजे ताईची सहा वर्षांची नात, टाळ्या पिटूं लागली. ताई मात्र दचकली. महाराष्ट्रांत २०१८ सालापासून खाण्यास योग्य नसलेल्या बर्फास निळा रंग देण्याचा नियम झाला आहे, म्हणजे मासे-भाज्या थंड ठेवावयाचा बर्फ सरबतांत पडूं नये. आमचें काम या बर्फानें बिनधोक होणार होतें, कारण तो डब्याच्या बाहेर राहावयाचा, पोटांत जावयाचा नव्हे. माईंच्या नेमाचा प्रश्नहि माझ्या नातीनें याच मुद्द्यावर सोडविला. "बर्फ बाहेरचा, पण तो बाहेरच राहणार," असें तिनें माईंस सांगितलें, माई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग चालेल."

दुधांत कांहीं गुपित नव्हतें. दोन लिटर म्हशीचें दूध आटवून दीड लिटर केलें, पाव किलोहून थोडी अधिक साखर, वेलदोड्याची पूड, आणि दोन दिवसांची साय घोटून. दूध पूर्ण निववून, मग माठाशेजारीं ओल्या फडक्यांत ठेवून गार केलें. कोमट दूध पॉटांत घालणें म्हणजे बर्फ फुकट घालविणें. डबा दोनतृतीयांशच भरावा, कारण गोठतांना मिश्रण वर चढतें. गांवरान आंब्याचा रस घालावा असा धाकटीचा आग्रह होता. तो घालावयाचा तर दूध गार झाल्यावरच. उकळत्या दुधांत आंबट रस पडला तर आइस्क्रीम न होतां पनीर होतें.

आतां मिठाचें. मुलांस वाटत होतें कीं दूध बर्फांत ठेविलें म्हणजे गोठेल. तें गोठत नाहीं. बर्फ वितळतो शून्य अंशावर. साखरेचें दूध गोठूं लागतें तें शून्याच्या खालीं दोन-तीन अंशांवर. म्हणजे नुसत्या बर्फांत तें वर्षभर ठेविलें तरी पातळच राहील. तेथें मीठ लागतें. मीठ बर्फाच्या अंगावरील ओलाव्यांत विरघळतें, आणि खारें पाणी शून्यावर गोठूं शकत नाहीं, त्यामुळें बर्फ वितळतच जातो. वितळावयास त्याला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. किलोभर बर्फाचें पाणी होण्यास जितकी उष्णता लागते तितकीच किलोभर पाणी ८० अंशांवरून शून्यावर येतांना सोडतें. ही उष्णता तो जवळ असेल त्याकडून ओढून घेतो; डब्याकडून, दुधाकडून, आणि स्वतःकडूनहि. म्हणून मिठाचा बर्फ बर्फाहूनहि थंड होतो. वजनानें तीन-चार भाग बर्फ व एक भाग जाडें मीठ हें घरगुती प्रमाण. प्रयोगशाळेंत या मिश्रणानें शून्याखालीं २१ अंशांपर्यंत जातां येतें, ताईच्या पडवींत अर्थात् तितकें नाहीं. मीठ घालून थंड करावें हें ऐकून माझ्या नातीस प्रथम हंसूं आलें, पण ही युक्ति या देशास नवी नाहीं. अबुल फजलनें 'ऐन-इ-अकबरी'त सोऱ्यानें पाणी थंड करण्याची रीति लिहून ठेविली आहे. बर्फ मात्र दुर्मिळ होता. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें तेथील तळ्यांवरचा बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास धाडला, आणि चार महिन्यांच्या प्रवासांत तो सारा वितळला नाहीं! पुढल्या वर्षीं मुंबईस जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें व यजमान आणि पाहुणे सारे पडशानें हैराण झाले, अशी गोष्ट सांगतात. माझ्या नातवास अमेरिकेचा बर्फ फार आवडला; त्या दिवसापासून लादीस तो 'जहाज' म्हणूं लागला.

लादी पोत्यांतच ठेवून मुसळानें फोडली. डब्याभोंवतीं एक थर बर्फ, एक थर मीठ, असें भरीत गेलों. मुलांनीं पाळी लावून डबा फिरवावयास आरंभ केला. दहा मिनिटांत बादलीच्या बाहेरच्या अंगावर दंव धरलें, आणि ४४ अंशांच्या त्या दुपारीं चारहि मुलें आपले गाल बादलीस लावून बसलीं. येथपर्यंत सारें यथास्थित. मग थोरल्यानें व माझ्या नातवानें पैज लावली कीं, मिठाचा बर्फ मुठींत जास्त वेळ कोण धरतो. ताईनें पाहिलें तेव्हां नातवाचा तळहात रुपयाएवढा पांढराफटक पडला होता. हात साध्या पाण्यांत धरविला, घटकाभरानें रंग आला, फोड आला नाहीं. पण मिठाचा बर्फ विस्तवाप्रमाणें भाजतो, हें मीं आधींच सांगावयास हवें होतें. ज्यांच्या घरीं हा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं मुलांच्या हातीं लांकडी डाव द्यावा, आणि बर्फास हात लावूं देऊं नये.

चाळीस मिनिटांनीं झांकण उघडलें. आंत घट्ट, पिवळसर, सुरेख असें कांहींतरी झालें होतें. पहिला चमचा अर्थात् माईंस. माईंनीं तो तोंडांत घातला, गिळला, पाण्याचा पेला मागितला, आणि कांहींच बोलल्या नाहींत. मग थोरल्यानें चाखलें. तें इतकें खारट होतें कीं तो अंगणांत जाऊन थुंकला.

त्या दुपारीं घरांत सुतक असावें तसें झालें. दोन लिटर दूध, लादीभर बर्फ, चार मुलांचे दुखरे दंड, आणि वर माईंचें तोंड खारट केलेलें. झांकण तर घट्ट होतें, मग मीठ गेलें कोठून? मी बादलीपाशीं बसून शास्त्रीय कारणें शोधीत होतों. संध्याकाळीं माई भिंतीस धरून पडवींत आल्या (ताईच्या म्हणण्याप्रमाणें कित्येक आठवड्यांत प्रथमच), बादलीकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "मास्तर, तें भोंक कां बुजविलें?"

तें भोंक गांठ पडून झालेलें नव्हतें. बर्फ वितळून खारें पाणी चढूं लागलें कीं झांकणापर्यंत पोंचण्याआधीं तें बाहेर जावें, एवढ्यासाठींच तें पाडलेलें असतें. "त्यांतून धार लागली कीं खालीं घमेलें ठेवायचें, आणि वरून बर्फ घालायचा," माई म्हणाल्या. "मीं दहा वर्षें तेंच केलें." थोरला माझ्याकडे पाहत होता. कणकेचा गोळा मींच वाखाणला होता, हें त्यानें कोणास सांगितलें नाहीं; म्हणून तें मीं सांगितलें.

दुसरा प्रयत्न दोन दिवसांनीं झाला, आणि त्याची सूत्रें माईंच्या हातीं होतीं. पडवींत त्यांची खाट आणली. दूध किती आटलें हें त्यांनीं चमच्याच्या पाठीवर ओढून पाहिलें. मी दूध मापीत होतों, त्या पाहत होत्या. मीठ एकदम ओतूं दिलें नाहीं. डबा आधीं सावकाश, मग मिश्रण धरूं लागलें कीं जोरानें, असा फिरवावयाचा. मुलांचा हात मंदावला कीं खाटेवरून "हं" एवढाच हुंकार येई. भोंकांतून धार लागली तेव्हां धाकटी घमेलें घेऊन तयार होती, आणि तिनें तें एकटीनें उचलावयाचा हट्ट धरून अर्धें अंगावर सांडलें. शेजारचीं मुलें कुंपणावर जमलीं होतीं. त्यांसहि आंत बोलावून पाळ्या लावून दिल्या. सात-आठ घरांचीं, तीन भाषा बोलणारीं तीं मुलें एका कडीस झोंबत होतीं, आणि आंकडे मात्र सारीं मराठींतच मोजीत होतीं. अर्ध्या तासानें डबा वळेनासा झाला. माईंनीं तो लगेच उघडूं दिला नाहीं. खारें पाणी काढून, नवा बर्फ भरून, वरून ओलें पोतें टाकून तासभर मुरूं द्यावयाचें. मग बर्फ बाजूस सारून, झांकण पुसून कोरडें करून, मगच हात लावावयाचा. तो तास मुलांस फार लांब गेला. मलाहि गेला.

वाट्या मांडल्या. थोरला वाढूं लागला, आणि संवयीनें पहिली वाटी माझ्यापुढें आली. माझ्या नातीनें ती उचलली आणि खाटेकडे नेली. त्या वेळीं ती कांहीं बोलली असती तर बरें झालें नसतें. ती बोलली नाहीं.

माईंनीं चमचा घेतला. आइस्क्रीम दांतांस लागलें तसे त्यांनीं डोळे मिटले, आणि तोंड जरा वेडेंवांकडें झालें. सगळीं मुलें पाहत होतीं. "फार गार आहे ग," त्या म्हणाल्या, आणि दुसरा चमचा घेतला. वाटी संपावयास त्यांना बराच वेळ लागला. कडेचें वितळलेलें त्या आधीं खात होत्या आणि मधलें शेवटास ठेवीत होत्या. तिकडे मुलांचा गोंगाट सुरू झाला होता, शेजारचीं पोरें बोटें चाटीत होतीं, ताई पदरानें घाम पुशीत होती. माईंनीं वाटी खालीं ठेविली आणि विचारलें, "तळाचें आहे का कांहीं?"

तळाचें थोडें होतें. तें त्यांस दिलें.

त्या रात्रीं पेजेची गरज लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेज पुन्हां सुरू झाली, पण ताईला समोर बसावें लागलें नाहीं. डॉक्टर याला काय म्हणतील तें मी सांगूं शकत नाहीं. मी निघेपर्यंत आणखी एकदां आइस्क्रीम झालें, त्या वेळीं आंब्याचें.

एक राहिलें. पहिल्या दिवशीं नातू बादलीतलें पाणी तुळशीच्या वाफ्यांत ओतावयास निघाला होता, तेव्हां माईंनीं खाटेवरून त्यास थांबविलें. खाऱ्या पाण्यानें झाड जळतें, आणि शिवाय दोन किलो मीठ फुकट जातें. तें पाणी गच्चीवर चार परातींत ओतून ठेविलें. वैशाखाच्या उन्हानें तें तिसऱ्या दिवशीं सुकलें, आणि परातींच्या तळाशीं किंचित् निळसर अशा खड्यांचा थर राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पॉटाचें मीठहि तसेंच सुकविलें. स्वयंपाकास तें उपयोगी नाहीं, पण पॉटास उत्तम. धाकटीनें सारें खरवडून एका बरणींत भरलें, बरणीवर कागद चिकटविला आणि त्यावर आपल्या अक्षरांत लिहिलें: 'माईआजीचें मीठ. खाऊं नये.' ती बरणी पॉटाशेजारीं ठेविली आहे. आणि पॉट पुन्हां माळ्यावर गेलेला नाहीं, पडवींतच आहे.